एका मुठीचा हिशेब

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत कर्नाळ्याचा सुळका दृष्टीस पडतो. मूठ वळून अंगठा तेवढा वर करावा, तसा सुमारें दीड हजार फूट उंचीच्या डोंगरावर सव्वाशे फुटांचा हा काळा खडक उभा आहे. मुंबई बंदरांतूनही तो ओळखूं येई. म्हणून इंग्रजांच्या जुन्या लेखनांत या डोंगरास 'फनेल हिल', म्हणजे नरसाळ्याचा डोंगर, असें नांव पडलें. समुद्रावर रस्ता आंखलेला नसतो. तांडेलानें दिशा धरावयाची ती अशाच एखाद्या अचल खुणेवर नजर ठेवून. परंतु खूण कितीही ठळक असली तरी तेवढ्यानें गलबत सुखरूप बंदरास लागत नाहीं. आपलें तारूं किती रुंद आणि पाण्याखालीं किती खोल आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, तो खुणेकडे सरळ जातांजातांच खडकावर आदळतो. मार्ग दाखविणारी खूण बाहेर असते; त्या मार्गानें जाणाऱ्याचें माप मात्र त्याचें त्यानेंच ठेवावयाचें असतें. जमीन मोजणारा कारकून, तिफण हांकणारा कुणबी आणि उपग्रहाच्या आधारें ट्रॅक्टर चालविणारा आजचा चालक या तिघांपुढें काळाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर हाच प्रश्न उभा राहिलेला दिसतो.

कर्नाळ्याचा इतिहास बहुधा लढायांच्या अंगानें सांगितला जातो. घाटावरून उतरून पनवेलच्या खाडीकडे जाणाऱ्या मालावर येथून नजर ठेवतां येत असल्यामुळें गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही आणि वसईचे पोर्तुगीज या सर्वांस सोळाव्या शतकांत हा किल्ला हवासा वाटला. पुढें तो शिवाजी महाराजांच्या राज्यांत आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत कर्नाळाही होता. १६७० मध्यें तो मराठ्यांनीं परत घेतला. १८१८ मध्यें कर्नल प्रॉथर याच्या फौजेनें तो इंग्रजांच्या ताब्यांत आणला. डोंगराजवळच्या शिरढोण गांवीं १८४५ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला; त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. या सर्व हकीगती खऱ्या असल्या तरी किल्ल्यावरची शिबंदी तरवारीवर जगत नाहीं. ती जगते खालच्या भातखाचरांच्या वसुलावर. वसूल ठरतो जमिनीच्या क्षेत्रावर, आणि क्षेत्र ठरतें मोजणाऱ्याच्या हातांतील काठीवर. म्हणून कर्नाळ्याच्या इतिहासाचें एक पान त्या काठीसाठीं राखून ठेवणें अवश्य आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभीं निजामशाहीचा कारभार पाहणाऱ्या मलिक अंबरानें जमिनीची प्रत पाहून धारा बसविण्याची पद्धत घालून दिली. शिवाजी महाराजांच्या कारकीर्दींत अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष मोजणीचें काम झालें. त्या मोजणीची काठी पांच हात व पांच मुठी लांबीची होती. हात चौदा तसूंचा धरला होता, आणि हात व मुठी मिळून काठी ब्यायशी तसू भरे. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. पिकाचे पांच वांटे करून तीन रयतेनें घ्यावे व दोन सरकारांत भरावे, असा दंडक होता. हें कोष्टक शाळेंतील मुलांस पाठ करावयास दिल्यासारखें रुक्ष दिसतें. पण त्यांतील प्रत्येक आंकड्याच्या मागें कोणाच्या तरी घरचें धान्य आहे.

पांच हातांचे तसू होतात सत्तर. ब्यायशींतून सत्तर वजा जातां उरलेले बारा तसू म्हणजे पांच मुठी. अर्थात् एक मूठ २.४ तसूंची. आतां अशी कल्पना करावी कीं, एखाद्या गांवीं मोजणीदाराच्या हातीं एक मूठ आंखूड काठी आली. काठीकडे नुसतें पाहून हा फरक कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. परंतु आंखूड काठीनें जमीन मोजली म्हणजे जमीन वाढते. लांबींत शेंकडा तीनच्या आंतली चूक क्षेत्रफळांत जवळजवळ दुप्पट होते, कारण तीच काठी लांबीसही लागते व रुंदीसही लागते. हिशेब केला असतां खऱ्या १२० बिघ्यांच्या जागीं कागदावर १२७ बिघ्यांहून अधिक जमीन लागते. म्हणजे चावरामागें सात बिघ्यांचा धारा रयतेनें अशा जमिनीचा भरावयाचा कीं, जी पृथ्वीच्या पाठीवर नाहींच. उलट काठी एक मूठ लांब झाली तर १२० चे ११३ होतात, आणि बुडतें तें सरकार. चुकीस बाजू नसते. पण चुकीचा भार मात्र कोणा तरी एकावरच पडतो. म्हणूनच काठीचें माप हातांत व मुठींत सांगून राज्यकर्ते थांबले नाहींत. हात कोणाचा, मूठ कोणाची, हा वाद मिटविण्यासाठीं त्यांनीं तें तसूंत बांधून दिलें. न्यायाचा आरंभ येथें होतो.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांच्या अमलांत हाच प्रश्न नव्या वेषानें पुढें आला. प्रिंगल या अधिकाऱ्यानें पुणें प्रांतांत १८२८ च्या सुमारास मोठ्या विद्वत्तेनें पाहणी केली. पण तिच्यांतील मोजण्या व उत्पन्नाचे अंदाज भरंवशाचे नव्हते, आणि ती पाहणी शेवटीं सोडून द्यावी लागली. १८३५ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुराकडे नव्यानें आरंभ केला, आणि १८४७ मध्यें मुंबई इलाख्याच्या भूमापनाचे नियम एकत्र करण्यांत आले. या पद्धतींत काठीच्या जागीं तेहतीस फुटांची सांखळी आली. सांखळीचे सोळा भाग केलेले असत व त्या प्रत्येक भागास आणा म्हणत. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शंकूनें काटकोन साधीत, सांखळीनें अंतर घेत, आणि शेताच्या आकृतीसह सारे आंकडे टिपणांत उतरून घेत. पनवेल तालुका प्रथम ठाणें जिल्ह्यांत होता. १८८३ मध्यें तो कुलाब्यांत गेला, आणि कुलाब्याचें नांव १९८१ मध्यें रायगड झालें. जिल्हे बदलले, नांवें बदललीं, परंतु गुंठा मात्र तेहतीस फुटांचाच राहिला.

लोखंडी सांखळी काठीहून टिकाऊ खरी. पण तिचा दोष काठीच्या उलट आहे. ओढून ओढून तिच्या कड्या झिजतात, वांकलेले दुवे सरळ होतात, आणि सांखळी हळूहळू लांबते. तेहतीस फुटांत तीन इंच वाढले तर एकरामागें अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन कागदावरून नाहींशी होते. म्हणून चांगला मोजणीदार काम सुरू करण्यापूर्वीं सांखळी पक्क्या मापाशीं ताडून पाही. साधन नवें असो वा जुनें, त्यास दररोज प्रश्न विचारण्याची ही संवय हेंच मोजणीच्या विद्येचें खरें मर्म होय.

आतां मोजणीदारास बांधावर सोडून शेतांत उतरावें. घाटावर ज्वारी, बाजरी, हरभरा पेरणारा शेतकरी सांखळी वापरीत नसे. त्याचें माप त्याच्या अवजारांतच बसविलेलें असे. पाभरीच्या दिंडांत फण किती व एकमेकांपासून किती अंतरावर बसवावयाचे, हें गांवचा सुतार पिकाप्रमाणें ठरवी. तीन फणांची ती तिफण. चाड्यांत मुठीमुठीनें सोडलेलें बीं नळ्यांतून उतरे व काकऱ्या उमटत जात. पुढें पीक वीतभर वर आलें कीं, त्याच काकऱ्यांच्या मधून कोळपें चालवावयाचें असे. कोळप्याची पास काकऱ्यांमधील अंतरापेक्षां रुंद झाली तर तणाबरोबर पीकही कापलें जाई. फार अरुंद झाली तर तण तसेंच राही. जूं देखील त्याच हिशेबाचें. नांगरास आंखूड जूं चाले. कोळपतांना बैलांनीं पिकावर पाय न देतां ओळींमधून चालावें म्हणून लांब जूं लागे. पाभर, कोळपें, जूं आणि बैल यांच्यांत असा एक अलिखित करार असे. तो सुताराच्या हातांत होता, आणि म्हणूनच बलुत्याच्या धान्यांत त्याचा वांटा होता.

पेरतांना नव्या फेऱ्याची दिशा कशी धरावयाची? मागल्या फेऱ्याची शेवटची काकरी हीच खूण. तिच्या शेजारून नेमक्या अंतरानें पुढची काकरी पडली पाहिजे. नजर समोरच्या झाडावर, आणि अंतर पायाखालच्या काकरीवरून, असे दोन्ही हिशेब कुणबी एकाच वेळीं ठेवी. पहिली काकरी वांकडी पडली कीं तिच्या मागोमागच्या साऱ्या वांकड्या पडत. कोंकणांत, कर्नाळ्याखालच्या भातजमिनींत, ही गोष्ट निराळी आहे. तेथें खाचर लहान, बांध उंच, चिखलणी गुडघाभर पाण्यांत. रोपें हातानें लावावयाचीं. तेथें अवजाराचें माप बांध ठरवितो. जें खाचरांत वळत नाहीं तें अवजार कितीही उत्तम असलें तरी त्या शेतास निरुपयोगी होय.

विसाव्या शतकांत अवजाराचें माप सुताराच्या हातून कारखान्याकडे गेलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ मध्यें आपला पहिला लोखंडी नांगर बनविला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीमुळें तो आरंभीं खपेना. पुढें १९१० मध्यें औंध संस्थानांत किर्लोस्करवाडीची स्थापना झाली आणि तेथील नांगर महाराष्ट्रभर गेले. कारखान्यांतून निघालेला प्रत्येक नांगर दुसऱ्यासारखा. फाळ झिजला तर त्याच मापाचा नवा मिळे. ही मोठीच सोय होती. पण त्याबरोबर शेतकऱ्याचा मापाशीं असलेला रोजचा संबंध किंचित् सैल झाला. ट्रॅक्टर आल्यावर तो आणखी सैल झाला. आयर्लंडांतील हॅरी फर्ग्युसन यानें अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणीं जोडण्याची रचना बसविली व १९३९ मध्यें ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आज जगभर तीच चालते. भारतांत १९५९ पासून ट्रॅक्टर बनूं लागले. मागें जोडलेलें अवजार चालकाच्या पाठीशीं गेलें. कुणब्याचें अवजार त्याच्या डोळ्यांपुढें असे. चालकास मान वळवून पाहावें लागूं लागलें.

याच्या पुढची पायरी म्हणजे उपग्रहांच्या आधारें चालणारी मार्गदर्शक यंत्रणा. अमेरिकेनें दिशादर्शनाचा आपला पहिला उपग्रह १९७८ मध्यें सोडला आणि १९९५ मध्यें ती व्यवस्था पूर्ण झाली. मे २००० पर्यंत नागरी उपयोगासाठीं तिचे संकेत मुद्दाम ढोबळ ठेवले जात. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. तें बंधन उठल्यावर, आणि जवळच्या स्थिर केंद्राकडून घडोघडीं दुरुस्ती घेण्याची रीत रूढ झाल्यावर, शेतांतील जागा कांहीं सेंटिमीटरांच्या आंत सांगतां येऊं लागली. भारतानेंही १ जुलै २०१३ रोजीं आपल्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह सोडला. एप्रिल २०१६ मध्यें सातवा गेला, आणि त्या व्यवस्थेस 'नाविक' असें नांव मिळालें. कर्नाळ्याच्या सुळक्यावर नजर ठेवणाऱ्या जुन्या तांडेलास हें नांव ओळखीचें वाटलें असतें. खूण डोंगरावरून आकाशांत गेली. पण खुणेवरून वाट काढणारा तो नाविकच राहिला.

ऐकणारास असें वाटण्याचा संभव आहे कीं, आतां सर्व काम आकाशांतूनच होतें. परंतु उपग्रहास ट्रॅक्टर दिसत नाहीं, आणि त्यामागचें अवजार तर मुळींच दिसत नाहीं. या यंत्रणेस ठाऊक असते ती एकच जागा: ट्रॅक्टरच्या टपावर बसविलेल्या अँटेनाची. तेथून खालीं व मागें मातींत चाललेल्या दात्यापर्यंतचें सर्व माप चालकानें आपल्या हातानें पडद्यावर भरावयाचें असतें. अवजार प्रत्यक्ष किती रुंदींत काम करतें; जोडणीच्या खिळ्यापासून तें किती मागें आहे; ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून तें उजवीकडे वा डावीकडे सरकलें आहे काय; अँटेना जमिनीपासून किती उंच आहे; पुढच्या व मागच्या चाकांमध्यें किती अंतर आहे, हे ते प्रश्न होत. त्यांचीं उत्तरें यंत्र तपासून पाहत नाहीं. जें सांगावें तें तें खरें मानतें व अत्यंत निष्ठेनें पाळतें. यंत्राची ही निष्ठाच धोक्याची आहे.

रुंदीचीच गोष्ट घ्यावी. तीनशें मीटर लांब व तीनशें मीटर रुंद असें शेत आहे. अवजार ५.८ मीटर रुंद असतां चालकानें पडद्यावर ६ मीटर भरले. ट्रॅक्टर पन्नास फेरे घेईल, आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्यें वीस सेंटिमीटरांची पट्टी न पेरतां राहील. अशा एकूणपन्नास पट्ट्यांचें क्षेत्र २,९४० चौरस मीटर, म्हणजे सुमारें एकोणतीस गुंठे होतें. पाऊण एकराला थोडेंच कमी! उलट रुंदी कमी भरली तर फेरे एकमेकांवर चढतात, आणि बियाणें, खत व डिझेल दुबार खर्चीं पडतें.

अवजार मध्यरेषेपासून दहा सेंटिमीटर उजवीकडे सरकलेलें असून तें सांगावयाचें राहिलें तर गंमत निराळी होते. जातांना अवजार ज्या बाजूस सरकतें, परततांना त्याच्या उलट बाजूस सरकतें. त्यामुळें एका जोडावर वीस सेंटिमीटरांची मोकळी पट्टी पडते, दुसऱ्यावर तितकीच दुबार पेरणी होते, आणि पुन्हां मोकळी पट्टी. पीक उगवल्यावर शेतांत अशा एकाआड एक रेषा दिसल्या कीं, जाणत्यानें रुंदीवर संशय न घेतां या सरकण्यावर घ्यावा. अँटेनाची उंची उतारावर महत्त्वाची ठरते. तीन मीटर उंचीवरील अँटेना ट्रॅक्टर पांच अंशांनीं कलला असतां सुमारें सव्वीस सेंटिमीटर बाजूस जाते. कल मोजणारें साधन यंत्रांत असलें तरी उंची चुकीची सांगितल्यास त्याची दुरुस्तीही चुकीचीच होणार.

येथें अण्णाजी दत्तोंच्या काठीची आठवण पुन्हां होते. ट्रॅक्टरचें काम जेथें एकरामागें ठरलेल्या दरानें भाड्यानें केलें जातें, तेथें पडद्यावर दिसणारे एकर हे मोजलेले नसतात. ते भरलेल्या रुंदीस चाललेल्या अंतरानें गुणून काढलेले असतात. ५.८ च्या जागीं ६ भरले कीं, पडद्यावरच्या प्रत्येक शंभर एकरांत सव्वातीन एकरांहून अधिक काम असें असतें कीं, जें मातींत झालेलेंच नाहीं. त्याचे पैसे देतो तो शेतकरी, आणि वर न पेरलेल्या पट्ट्यांचें पीकही बुडतें त्याचेंच. आंखूड काठीनें चावरामागें सात बिघे वाढत. येथें पडद्यावर एकर वाढतात. यांत लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं. कारखान्याच्या पुस्तकांतील आंकडा डोळे मिटून उतरून घेतला, फाळ झिजले, एक दांडा वांकला, गेल्या हंगामांतील दुसऱ्या अवजाराचें माप पडद्यावर तसेंच राहिलें, एवढ्यानेंही हें घडतें. रयतेच्या दृष्टीनें मात्र लबाडी व निष्काळजीपणा यांचें फळ एकच.

उपायही जुनाच आहे. जुना मोजणीदार सांखळी ताडून पाही, तसें चालकानें अवजार सपाट जमिनीवर उतरवून त्याची कामाची रुंदी टेपनें स्वतः मोजावी. पुस्तकांतील आंकड्यावर विसंबूं नये. मग चार फेरे घालून पहिल्या फेऱ्याच्या कडेपासून शेवटच्या फेऱ्याच्या कडेपर्यंतचें अंतर आडवें मोजावें व त्यास चारांनीं भागावें. येणारा आंकडा पडद्यावरील आंकड्याशीं जुळला, आणि प्रत्येक जोड उकरून पाहतां मोकळी जागा वा दुबार पेर आढळली नाहीं, तरच पुढें जावें. अवजार बदललें कीं हें सर्व पुन्हां करावें. यास अर्धा तास लागतो. न केल्यास तो हंगामभर भरून निघत नाहीं.

कर्नाळ्याच्या आसपास या यंत्रणेस फारसें काम नाहीं. डोंगराभोंवतीं १९६८ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे. खालच्या खाचरांचे बांध लहान आहेत, आणि पनवेलचीं पुष्कळ शेतें नगराच्या पोटांत गेलीं आहेत. त्यांच्या मोबदल्याचा हिशेब झाला तोही गुंठ्यांतच. तेव्हां मापाची किंमत या तालुक्यास निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. कोंकणचा लहान शेतकरी असो कीं घाटावरचा मोठा, ज्याच्या जमिनीवर दुसऱ्याचें माप फिरतें, त्यानें तें माप कोणी, कशानें आणि केव्हां ताडून पाहिलें हें विचारलें पाहिजे. हा प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. पांच हात पांच मुठींवर न थांबतां ब्यायशी तसूंचा आंकडा ज्यांनीं बांधून दिला, त्यांनींच तो विचारण्याचा अधिकार रयतेस दिला आहे.

कर्नाळ्याचा अंगठा अजून तसाच आकाशाकडे वर आहे. त्या आकाशांतून आतां उपग्रह फिरतात, आणि शेताची दिशा ते बिनचूक सांगतात. मुठीचा हिशेब मात्र अजूनही जमिनीवरच करावा लागतो.